डिस्क अर्धा मिनिट अडकते तेव्हा: साटा लिंकची झोप आणि कर्नल

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नारायण पेठेत घरचंच अक्षरजुळणीचं आणि स्कॅनिंगचं ऑफिस आहे. कोपऱ्यात एक लिनक्स पेटी चोवीस तास चालू असते: सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी, आणि स्कॅन केलेल्या पानांसाठी एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन मोठ्या साटा डिस्क (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची नेहमीची पद्धत). गुरुवारी लाइट गेली की ती इन्व्हर्टरवर चालते. बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून वीज वाचवणारं एक साधन बसवलं आणि सगळ्या सेटिंग एका फटक्यात किमानवर नेल्या. तेव्हापासून, विशेषतः जेवून परत आल्यावर, पहिलं फोल्डर उघडताना पेटी अर्धा मिनिट गोठते. मागच्या आठवड्यात जोडीतली एक डिस्क बाहेरच फेकली गेली. डिस्क खराब झाली का, बदलायची का, आणि वीजबचतीचं काय करायचं?

डिस्क अजून विकत घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या लॉगवरून (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींवरून) मला संशय डिस्कवर नाही, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या लिंकवर आहे. ती झोपते, पण हाक मारल्यावर वेळेत उठत नाही.

"अर्धा मिनिट" हे तुम्ही अंदाजाने लिहिलंत, पण तो आकडा नेमका आहे. लिनक्समध्ये डिस्ककडे पाठवलेल्या आज्ञेला उत्तर मिळालं नाही तर कर्नल ठरीव 30 सेकंद थांबतो. त्यानंतर तो पोर्ट, म्हणजे मदरबोर्डवरचं त्या डिस्कचं तोंड, गोठवतो, चूक निस्तरणारा धागा (कर्नलचं त्या कामापुरतं पोटकाम) जागा करतो आणि लिंकला जोराचा रिसेट देतो. तुमच्या लॉगमध्ये "फ्रोझन" आणि त्यानंतर "हार्ड रिसेटिंग लिंक" आहे, ते हेच. त्याच्या वरच्या ओळीत एसएरर, म्हणजे लिंकच्या चुकांची नोंद, तिच्या महिरपी कंसात दोन शब्द आहेत, "फाय रेडी चेंज" आणि "कॉम वेक". माझ्या दृष्टीने सगळ्या लॉगमधली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. पहिला शब्द सांगतो की लिंकची तयार-असण्याची स्थिती बदलली. दुसरा सांगतो की उठवण्याचा इशारा झाला होता. काहीही काम नसताना, शांततेनंतरच्या पहिल्याच वाचनाला हे दोन शब्द जोडीने येत असतील, तर आधी झोपेकडे पाहायचं. त्या जागी "बॅड सीआरसी" किंवा "हँडशेक" दिसलं असतं, तर मी आधी केबल बदला म्हटलं असतं. केबलचा पुरावा डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट नोंदींतही (डिस्क आपल्या तब्येतीची ठेवते ती यादी) सापडतो. 199 क्रमांकाची नोंद सीआरसी चुका, म्हणजे तारेवर डेटा बिघडल्याच्या वेळा, मोजते. ती वाढत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन लॅच असलेली चांगली केबल आणा आणि मग पुढचं बोलू. त्याच यादीत 12 क्रमांकाला डिस्क किती वेळा सुरू झाली ते असतं. पेटी बंद न करताही तो आकडा वाढलेला दिसला, तर डिस्कची वीजच क्षणभर जाते आहे, म्हणजे पॉवरचा जोड सैल आहे किंवा सप्लाय दमला आहे. मग लिंकच्या सेटिंगशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. या दोन नोंदी आजच कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे तुलना करायला त्याच लागतील.

आता ही झोप म्हणजे काय ते जरा नीट सांगतो. ते समजलं की कुठली पॉलिसी, म्हणजे लिंकने किती झोपावं याची सेटिंग, का निवडायची हे पाठ करावं लागत नाही.

साटाची तार रिकामी असतानाही गप्प नसते. पाठवायला डेटा नसला तरी दोन्ही टोकं एकमेकांकडे पूर्ण वेगाने भरतीचे संकेत पाठवत राहतात, म्हणजे समोरच्याचं घड्याळ जुळलेलं राहतं. 6 गिगाबिटच्या लिंकवर हे अखंड चालतं, आणि त्याला वीज लागते. ही वटवट थांबवण्याच्या दोन पायऱ्या मूळ नियमावलीत आहेत. "पार्शियल" ही डुलकी, तिच्यातून जास्तीत जास्त 10 मायक्रोसेकंदांत उठायचं. "स्लंबर" ही गाढ झोप, तिच्यातून उठायला जास्तीत जास्त 10 मिलिसेकंद. दोन्हींमध्ये हजारपट अंतर आहे, ते ध्यानात ठेवा. यापुढे "डेव्हस्लीप" नावाची आणखी खोल अवस्था आहे. तिला इशाऱ्याची वेगळी तार लागते, आणि ती मुख्यतः लॅपटॉपमध्ये भेटते. तुमच्या पेटीत तिचा विचार नको.

झोपायला एकाने विचारावं लागतं आणि दुसऱ्याने हो म्हणावं लागतं. विचारणारा होस्ट, म्हणजे मदरबोर्डची बाजू, असेल तर त्याला हिपम म्हणतात, डिस्क असेल तर डिपम. समोरचा नकारही देऊ शकतो. आणि खरी मेख इथे आहे: काही डिस्कना नकार पचत नाही. होस्टने स्लंबरला नाही म्हटलं की त्यांचं फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) गोंधळतं. लिबएटीए, म्हणजे कर्नलमधला साटा सांभाळणारा भाग, त्याच्या कोडमध्ये यावर एक टीप आहे, आणि नव्या मुलांना मी ती आवर्जून वाचायला लावतो. डिस्कची विनंती होस्टला कधीही नाकारावी लागू नये, असा क्रम तिथे मुद्दाम राखला आहे. झोप सुरू करायची असेल तर आधी होस्ट परवानगी उघडतो आणि मग डिस्कला डिपम चालू करायला सांगतो. बंद करताना उलटं, आधी डिस्क आणि मग होस्ट. नुसता क्रम म्हणून वाचलं तर क्षुल्लक वाटतं, पण असल्या चार ओळींमागे कित्येकांच्या गोठलेल्या डिस्क असतात.

होस्टच्या बाजूने एएचसीआय कंट्रोलरमध्ये (साटा पोर्ट चालवणाऱ्या चिपमध्ये) या सोयीचं नावच "अग्रेसिव्ह" आहे, आणि ते अक्षरशः खरं आहे. यात थोडं थांबून बघू वगैरे प्रकार नाही. शेवटची आज्ञा संपली की कंट्रोलर लगेच झोपेची मागणी करतो. एक बिट ती सोय चालू करतो, आणि शेजारचा बिट पार्शियल की स्लंबर ते ठरवतो. तुम्ही वापरलेल्या साधनाने "मिन पॉवर" लिहिलं, म्हणजे दोन्ही बिट लावले. मग प्रत्येक छोट्या वाचनानंतर लिंक थेट गाढ झोपेत जाते आणि पुढच्या वाचनाला पुन्हा उठते, दिवसभरात हजारो वेळा. त्यातली एक उठवणी चुकली की तुमचं अर्धं मिनिट गेलं.

पॉलिसीची फाइल सिसच्या झाडात (कर्नल आपल्या सेटिंग जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) असते: सिस, मग क्लास, मग स्कझी-होस्ट, मग त्या पोर्टचा होस्ट क्रमांक, आणि शेवटी "लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी", शब्दांच्या मध्ये खालची रेघ. "मॅक्स परफॉर्मन्स" म्हणजे झोप पूर्ण बंद. "मीडियम पॉवर" म्हणजे फक्त डुलकीला परवानगी. "मिन पॉवर" वर सांगितलंच. मला जी सर्वांत शहाणी वाटते ती "मेड पॉवर विथ डिपम". हिच्यात होस्ट स्वतःहून डुलकीपर्यंतच जातो, आणि गाढ झोप केव्हा घ्यायची हे डिस्क आपल्या घड्याळाप्रमाणे ठरवते. डिस्कला स्वतःचं अंतरंग होस्टपेक्षा जास्त कळतं, म्हणून ही वाटणी मला योग्य वाटते. "मिन पॉवर विथ पार्शियल" अशीही एक आहे, तुम्हाला तिची गरज नाही.

या पॉलिसीचा थोडा इतिहास सांगतो, कारण इंटरनेटवरचा बराच सल्ला जुन्या काळातला आहे. लिंकची ही झोप लिनक्समध्ये 2.6.24 आवृत्तीत आली, म्हणजे 2008 च्या सुरुवातीला. ते काम इंटेलच्या क्रिस्टन कार्लसन अकार्डी यांचं. त्यानंतर बरीच वर्षं एकच पेच होता. मिन पॉवर लावलं की काही डिस्कवर डेटा खराब झाल्याच्या तक्रारी यायच्या, आणि मीडियम पॉवरने काही वाचायचं नाही, कारण डुलकीत फारशी बचत नसते. तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीत असलेल्या हान्स द खूदे यांनी विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर कोणत्या सेटिंग वापरतो ते पाहिलं आणि तीच रचना 4.15 मध्ये नव्या पॉलिसीच्या रूपाने आणली. तीच ही मेड पॉवर विथ डिपम. त्यामागचा विचार मला फार पटतो: डिस्क बनवणारे आपला माल ज्या सेटिंगवर तपासतात, त्याच सेटिंगवर चालवा. फेडोरा या लिनक्स वितरणाने 2018 मध्ये 28 व्या आवृत्तीपासून लॅपटॉपच्या चिपसेटसाठी ती ठरीव केली. त्याआधीच्या लेखांत मिन पॉवरची शिफारस दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा.

बचत किती, हा प्रश्न तुमच्यासाठी कळीचा आहे. लॅपटॉपमध्ये या एका सेटिंगने निवांत असताना साधारण एक वॉटपर्यंत फरक पडू शकतो, आणि निवांत लॅपटॉप जेमतेम पाच-सात वॉट खातो, तेव्हा तो फरक मोठा असतो. पण तो सगळा त्या तारेतून येत नाही. साटा लिंक जागी असेल तर इंटेलचा प्रोसेसर आपल्या पॅकेजच्या खोल सी-अवस्थांमध्ये जाऊच शकत नाही. लिंक झोपली की प्रोसेसरच्या गाढ झोपेची वाट मोकळी होते, खरी बचत तिथली. पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनाच्या निष्क्रियतेच्या पानावर हे डोळ्यांनी दिसतं.

तुमच्या पेटीत मात्र साडेतीन इंची दोन डिस्क आहेत. थाळ्या फिरत ठेवायलाच प्रत्येकीला काही वॉट लागतात, आणि लिंक झोपवून वाचतो तो वॉटचा लहानसा अंश. म्हणजे त्या दोन डिस्कवर मिन पॉवर लावून तुम्ही इन्व्हर्टरची दोन-चार मिनिटं मिळवलीत आणि त्यासाठी स्कॅनची जोडी धोक्यात घातलीत. मी हा सौदा करणार नाही. भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॉटमीटर आणा, पेटी दहा मिनिटं निवांत ठेवून आकडा लिहा, पॉलिसी बदला, पुन्हा दहा मिनिटांनी लिहा. स्वतःच्या टेबलावर मोजलेला आकडा कुठल्याही लेखातल्या आकड्यापेक्षा मोठा. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या पेटीत खरी बचत रिकाम्या फिरणाऱ्या थाळ्या थांबवण्यात असते, पण ती वेगळी गोष्ट आहे. दिवसातून चारदा थांबणाऱ्या-सुरू होणाऱ्या थाळ्यांची झीजही तेव्हा विचारात घ्यावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा. दोन्ही मोठ्या डिस्कच्या पोर्टना मॅक्स परफॉर्मन्स. सिस्टिमच्या एसएसडीला मेड पॉवर विथ डिपम, तेही तपासून. ही पॉलिसी पोर्टनिहाय असते, सगळ्यांना एकच लावायची सक्ती नाही. तुमच्या साधनाने सरसकट लावली, चूक तिथे झाली. पेटी सुरू होताना हे आपोआप व्हावं म्हणून युडेव्हचा (उपकरण दिसलं की ठरलेली सेटिंग लावणाऱ्या सोयीचा) एक छोटा नियम लिहा आणि त्या साधनाला साटाच्या वाटेला जाऊ नको असं त्याच्या कॉन्फिगमध्ये सांगा. नाहीतर दोघं एकमेकांचं लिहिलेलं पुसत बसतील आणि तुम्हाला वाटेल कर्नल ऐकत नाही. फाइलमध्ये नवी किंमत लिहिली की तो पोर्ट क्षणभर थांबतो, कारण बदल चूक-निवारणाच्या त्याच धाग्यातून केला जातो. लॉगमध्ये त्या वेळी हालचाल दिसली तर घाबरू नका, पण चालू स्कॅनिंगच्या मध्यात हे करू नका.

एखादा पोर्ट कायमच त्रास देत असेल तर बूटच्या ओळीत लिबएटीएच्या फोर्स पर्यायाने त्या पोर्टपुरतं "नोएलपीएम" देता येतं. कर्नलची स्वतःचीही एक काळी यादी आहे. डिस्कचं मॉडेल आणि फर्मवेअर जुळलं की तो झोप आपोआप बंद ठेवतो. क्रूशलच्या एम 500 मालिकेतल्या 480 जीबी आणि त्यावरच्या, आणि एमएक्स 100 मधली 512 जीबीची, या त्या यादीत आहेत. यादी लोकांच्या तक्रारींवरूनच वाढते. तुमची डिस्क खरोखर दोषी ठरली तर मॉडेल, फर्मवेअर आणि लॉग घेऊन लिबएटीएच्या देखभालकर्त्यांना जरूर कळवा, पुढच्या माणसाची डिस्क वाचेल. आणखी एक. झोप चालू करताना वारंवार अपयश आलं तर कर्नल "डिसेबलिंग एलपीएम ऑन द लिंक" लिहून स्वतःच माघार घेतो. ती ओळ दिसली तर फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी त्या लिंकवर झोप नाही. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका, लॉग वाचा.

चालू पेटीत डिस्क काढता-घालता येण्याचा कप्पा तुमच्याकडे असेल, तर त्या पोर्टवर झोप नकोच. झोप-जागेतही लिंकची तयार-स्थिती बदलते आणि डिस्क काढल्यावरही बदलते. कंट्रोलरला दोन्ही सारखंच दिसतं. रोजच्या उठ-बशीत इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला मारलेल्या हाकांचा, पाऊस पडू नये म्हणून झोप चालू असताना एएचसीआय ड्रायव्हर ती सूचनाच बंद करतो. परिणामी नवी डिस्क घातली तरी कर्नलला पत्ता लागत नाही, आणि आपण कप्पा बिघडला म्हणून उगाच पेचकस हातात घेतो.

आता तपासायचं कसं. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी भोसरीच्या एका कारखान्यासाठी आम्ही मोजमापं नोंदवणाऱ्या पेट्या बनवल्या होत्या. सोमवारी सकाळची पाळी सुरू झाली की दोन-तीन पेट्या गोठायच्या. आम्ही त्या टेबलावर आणल्या आणि तीन दिवस-रात्र डिस्कवर जबरदस्त भार टाकला. एकही चूक नाही. परत पाठवल्या, पुढच्या सोमवारी तेच. त्यात दोन आठवडे गेले, आणि कारखान्याची माणसं आम्हाला फोन करून थकली. कारण नंतर उमगलं: भार टाकला की लिंक झोपतच नाही. आम्ही नेमका तो आजार दिसणारच नाही अशी चाचणी घेत होतो. रविवारच्या सुट्टीत पेट्या तासन्‌तास निवांत असायच्या, आणि सोमवारच्या पहिल्या वाचनाला लिंक उठायची नाही. एसएसडीचं फर्मवेअर नवं केल्यावर काही पेट्या सुधारल्या, उरलेल्यांची पॉलिसी आम्ही एक पायरी वर आणली.

तेव्हापासून माझी चाचणी विरळ वाचनाची असते. एक छोटी स्क्रिप्ट लिहा. डिस्कवरच्या वेगवेगळ्या जागांवरून एक-एक तुकडा वाचायचा आणि मध्ये बदलतं अंतर ठेवायचं: एक सेकंद, दोन, पाच, वीस, एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. अंतर बदलतं हवं, कारण डिस्कचं आतलं घड्याळ केव्हा वाजतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि झोपण्याच्या ऐन क्षणी आलेली आज्ञा हीच पुष्कळदा घात करते. वाचन थेट डिस्कवरून व्हायला हवं. डीडी ही वाचन-लिखाणाची आज्ञा वापरत असाल तर "डायरेक्ट" हा झेंडा लावा, नाहीतर कर्नल मेमरीतल्या प्रतीवरून उत्तर देईल, डिस्कला कळणारही नाही, आणि तुमची चाचणी सुंदर उत्तीर्ण होईल. प्रत्येक वाचनाला किती वेळ लागला तो लिहून ठेवा. एसएसडीवर दहाएक मिलिसेकंदांच्या आत असेल तर स्लंबरमधून उठली, ठीक. शेकडो मिलिसेकंद दिसू लागले तर लॉगमध्ये काही नसलं तरी सावध व्हा. ही स्क्रिप्ट किमान दोन रात्री चालू द्या. चालवण्याआधी एचडीपार्म ही आज्ञा दाखवते त्या ओळखपत्रात डिस्क डिपमला पाठिंबा देते का आणि ते चालू आहे का ते बघा. चालू असलेल्या सोयीपुढे तारा असतो.

तुमच्यापैकी कुणी एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेसवर बसणारी एसएसडी) वापरत असेल तर हीच कथा वेगळ्या नावांनी आहे: डिस्कची आपोआप खालच्या अवस्थेत जाण्याची सोय म्हणजे एपीएसटी, आणि पीसीआय एक्स्प्रेस लिंकची झोप म्हणजे एएसपीएम. तिथे लिंक उठली नाही तर डिस्क दिसेनाशीच होते आणि लॉगमध्ये सीएसटीएस या डिस्कच्या स्थिती-नोंदीपुढे सगळे एफ दिसतात. नवे कर्नल त्याच ठिकाणी काय बंद करून बघावं तेही सुचवतात. आधी एपीएसटीची विलंब-मर्यादा शून्य करा, नाहीच जमलं तर एएसपीएमकडे वळा. दोन्ही एकदम बंद केलंत तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

राहिली ती बाहेर पडलेली डिस्क. एमडीच्या (लिनक्समध्ये डिस्कची जोडी सांभाळणाऱ्या भागाच्या) जोडीत वाचन चुकलं तर तो दुसऱ्या डिस्कवरून वाचून भागवतो, पण लिखाण चुकलं तर डिस्कला बाहेर काढतो. रिसेटच्या गोंधळात तुमचं एखादं लिखाण फसलं असणार. आधी, अगदी आज, उरलेल्या डिस्कवरचे स्कॅन दुसरीकडे उतरवून घ्या. या घडीला एकच प्रत आहे, आणि लोकांची जुनी कागदपत्रं तुमच्या भरवशावर आहेत. मग दोन्ही पोर्टची पॉलिसी मॅक्स परफॉर्मन्सवर आणा. बाहेरच्या डिस्कची स्मार्टची लांब चाचणी लावा, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतील. ती स्वच्छ आली आणि 199 व 12 या नोंदी स्थिर असतील तरच डिस्क जोडीत परत घ्या. लिखाणाचा बिटमॅप (कुठे लिहिलं गेलं त्याची नोंद) ठेवलेला असेल तर फक्त बदललेला भाग जुळवला जाईल, नसेल तर पूर्ण नक्कल होईल.

ही नक्कल बिनचूक पार पडली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती चालू असताना लिंक सतत कामात असते, म्हणजे भोसरीच्या टेबलावरचीच परिस्थिती. नक्कल संपल्यावर डिस्क जोडीत तशाच ठेवून विरळ वाचनाची स्क्रिप्ट दोन्हींवर लावा, दोन रात्री जाऊ द्या, आणि गुरुवारी दुपारी लाइट गेलेली असताना जेवून परत आलात की फोल्डर उघडायच्या आधी लॉग उघडा.